नॉर्स पुराणं माहीत नसताना ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ वाचण्यात मजा आहे का?

आहे, आणि भरपूर आहे, तुम्ही म्हणता तशी त्यात अनेक पुराणांची सरमिसळ असली तरी. तुमच्या मित्राने दिलेली यादी, म्हणजे आधी आइसलंडची एड्डा (नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियातल्या देवांच्या कथा), मग जुन्या इंग्रजीतलं महाकाव्य ‘बेओवुल्फ’, मग फिनलंडचं ‘कालेवाला’ आणि ते सगळं पचल्यावर या कादंबरीचे लेखक टोल्किन, ती तूर्त बाजूला ठेवा. त्याचा हेतू चांगलाच असेल. पण एवढी शिदोरी बांधून होईपर्यंत गाडी सुटलेली असेल.

तुम्ही लिहिलंय की दोनदा सुरुवात केली आणि दोन्ही वेळा एल्फांच्या रिव्हेन्डेलमध्ये भरणाऱ्या सभेपाशी पुस्तक मिटलं. मीही तिथेच मिटलं होतं. कॉलेजात होतो, कर्जत लोकलमध्ये उभ्याने वाचायचो. त्या सभेत एक जण उठतो, बापाचं नाव सांगतो, आजाचं सांगतो, मोडक्या तलवारीचं नाव सांगतो, ती कुठल्या लढाईत मोडली ते सांगतो आणि बसतो. की दुसरा उठतो. ठाण्यापासून कल्याणपर्यंत एकही माणूस जागचा हलला नाही. (पुस्तकातला. डब्यातलेही हलत नव्हते, पण त्याचं कारण वेगळं.) बदलापूर यायच्या आत पुस्तक बॅगेत गेलं, ते चार-पाच वर्षं बाहेर आलं नाही.

बाहेर आलं ते आजीमुळे, आणि तिने टोल्किनचं नाव जन्मात ऐकलं नव्हतं. श्रावणातला रविवार होता. ती चष्मा सावरत आदित्यराणूबाईची कहाणी वाचत होती. त्यातला ब्राह्मण रानात जातो, तिथे नागकन्या-देवकन्या वसा वसत असतात. हा म्हणतो, मला सांगा तुमचा वसा. त्या म्हणतात, तुला रे वसा कशाला हवा? उतशील, मातशील, घेतला वसा टाकशील. तो म्हणतो, उतत नाही, मातत नाही, घेतला वसा टाकत नाही. हे शब्द लहानपणापासून इतक्या वेळा कानावरून गेले होते की ऐकू येणंच थांबलं होतं. त्या दिवशी ऐकू आले, आणि मला ती रखडलेली सभा आठवली. तिथे तरी दुसरं काय चाललं होतं? शत्रूची, घेणाऱ्याला भ्रष्ट करणारी अंगठी नष्ट करायचा वसा आहे. राजपुत्र आहेत, योद्धे आहेत, हजारो वर्षं जगलेले एल्फ आहेत, आणि शहाण्यातल्या शहाण्याला धास्ती एकच, की ती हातात घेतली तर आपण उतू, आपण मातू. मग कमरेएवढ्या उंचीच्या हॉबिट जमातीतला फ्रोडो म्हणतो, मी नेतो, वाट मात्र मला माहीत नाही.

त्या संध्याकाळी ते प्रकरण एका बैठकीत संपलं. नावं तेव्हाही लक्षात राहिली नाहीत, आणि त्यामुळे काही अडलंही नाही.

सांगायचं हे की सरमिसळीची सवय आपल्याला कोणी शिकवायला नको. आरत्या संपल्यावर आपण ‘घालीन लोटांगण’ म्हणतो, ते आठवा. पहिलं कडवं मराठी, पुढची संस्कृत, कुठलं कुठून आलंय याचा म्हणणाऱ्याला पत्ता नाही. टाळ्यांचा वेग तेवढा वाढत जातो. ‘थांबा, आता भागवतातला श्लोक आला’ असं म्हणून कोणी टाळ थांबवत नाही. टोल्किनही असाच म्हणावा, म्हणजे वाचावा.

त्यांचं स्वतःचंही मत याच्या जवळपास जाणारं होतं. १९३९ साली स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात त्यांनी परीकथांवर व्याख्यान दिलं. त्यात जुन्या एका अभ्यासकाची उपमा घेऊन त्यांनी म्हटलं की समोर वाढलेला रस्सा प्यावा, तो ज्या बैलाच्या हाडांपासून झाला ती हाडं बघायला मागू नयेत. गोष्टीचं भांडं कायम चुलीवर असतं आणि त्यात नवनवे तुकडे पडत राहतात, असंही ते म्हणतात. आता कोल्हापूरकर विचारेल, नळी चोखल्याशिवाय रस्सा कळतो का? तेही खरंच. म्हणून माझा क्रम असा: पहिल्या वाचनात रस्सा, दुसऱ्यात नळी. आणि तुमचा प्रश्न सरमिसळीबद्दलच आहे, त्यामुळे एक-दोन नळ्या आत्ताच ताटात वाढतो.

पहिली कादंबरीतल्या जादूगाराची, गँडाल्फची. आइसलंडच्या जुन्या काव्यसंग्रहात ‘व्होलुस्पा’ नावाचं काव्य आहे. सृष्टीच्या आरंभापासून देवांच्या नाशापर्यंतचं भविष्यकथन, आणि त्यात मध्येच बुटक्यांच्या नावांची एक लांबलचक यादी. टोल्किनच्या आधीच्या ‘हॉबिट’ या पुस्तकातली थोरिन, फिली, किली, बोम्बुर ही सगळी मंडळी तिथून उचललेली आहेत. त्याच यादीत ‘गान्डाल्फ’ हेही एक बुटकं आहे. ‘गान्ड’ म्हणजे जादूची काठी, ‘आल्फ’ म्हणजे एल्फ. टोल्किनच्या पहिल्या खर्ड्यात हे नाव बुटक्यांच्या म्होरक्याचंच होतं आणि जादूगाराचं नाव होतं ब्लाडोर्थिन. पुढे अदलाबदल झाली. काठीवाला एल्फ हा बुटक्यांच्या यादीत काय करतोय, हा प्रश्न बहुधा एखाद्या भाषेच्या मास्तरालाच पडावा. त्यातून लांब दाढीचा, रुंद टोपीचा, काठी टेकत हिंडणारा म्हातारा उभा राहिला. त्याच्या अंगावरचे कपडे नॉर्स देवराज ओडिनचे आहेत. ओडिनही असाच वेष पालटून माणसांत फिरायचा. टोल्किनने एका पत्रात गँडाल्फला ओडिनछाप भटक्या म्हटलंच आहे. पण ओडिन हा बेभरवशाचा देव. आपल्याच भक्ताला ऐन लढाईत दगा देणारा, युद्ध पेटवून मेलेल्यांची भरती करणारा. गँडाल्फने त्याची टोपी घेतली, स्वभाव घेतला नाही. तो स्वभावाने आपल्या कहाण्यांतल्या, माळ्याचा वेष घेऊन येणाऱ्या सूर्यनारायणाच्या जवळ जातो. म्हातारा म्हणून यायचं, चार शब्द टोचून बोलायचं, शहाणपण आलं की निघून जायचं.

मला सरमिसळीची खरी गंमत इथे वाटते. कुठली वस्तू कुठून घेतली हे ओळखण्यात फार तर शब्दकोडं सुटल्याचा आनंद असतो. घेतलेली वस्तू कुठे वळवली, दोन परक्या गोष्टी एकमेकींना कुठे सांधल्या, तो सांधा सापडला की पुस्तक उघडतं.

कादंबरीतल्या रोहान या राज्याचे घोडेस्वार घ्या. त्यांची नावं, त्यांची बोली, त्यांचे मद्याचे चषक आणि लाकडी राजवाडा हे सगळं जुन्या इंग्रजीतलं, ‘बेओवुल्फ’च्या जगातलं. राजाचं नाव थेओडेन, आणि जुन्या इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थच मुळी ‘राजा, स्वामी’. टोल्किन १९२५ ते १९४५ ऑक्सफर्डमध्ये अँग्लो-सॅक्सनचे प्राध्यापक होते. हे त्यांचं रोजचं खाणं. पण खरे अँग्लो-सॅक्सन ढालीला ढाल लावून पायी लढायचे, आणि १०६६ साली हेस्टिंग्जला नॉर्मन घोडदळासमोर हरले. टोल्किनने त्यांना घोड्यावर बसवलं. इतिहासात हरलेल्या आपल्या माणसांना कादंबरीत घोडे देणं, यात काय माया आहे! रोहानच्या एका गाण्यात ‘घोडा कुठे गेला, स्वार कुठे गेला’ अशी ओळ येते, ती एका जुन्या इंग्रजी विलापगीतावर बेतलेली आहे. हे माहीत नसतानाही मला ती ओळ वाचताना घसा दाटल्यासारखं झालं होतं. माहीत झाल्यावर पुन्हा वाचली तेव्हा दाटणं तेवढंच होतं, फक्त कारण कळलं होतं.

शेक्सपिअरशी तर उघड भांडण आहे. ‘मॅकबेथ’मध्ये भविष्य असतं की बिर्नमचं अरण्य चालून येईपर्यंत तुला भीती नाही. मग सैनिक हातात फांद्या धरून येतात आणि झालं अरण्य चालून. शाळकरी टोल्किनची याने घोर निराशा झाली होती. एवढं सांगून झाडं हललीच नाहीत? त्याचं उट्टं त्यांनी कादंबरीत काढलं, तिथे झाडं खरोखर चालून जातात. तसंच दुसरं भविष्य. नाझगुल, म्हणजे शत्रूची काळी पिशाच्चं, त्यांच्या म्होरक्याला म्हणे पुरुषाच्या हातून मरण नाही. हे वाचताना मराठी वाचक गालात हसतो. हिरण्यकशिपूपासून रावणापर्यंत वराची यादी करताना काय राहून गेलं हे आपण आजीच्या मांडीवर शिकलेलो असतो, तेव्हा समोर शिरस्त्राण काढून कोण उभं राहणार याचा अंदाज आपल्याला आधीच आलेला असतो.

अंगठीबद्दल माझी एक स्वतःची खूण आहे, तिचा टोल्किनशी काही संबंध आहे असा माझा दावा नाही. शाकुंतलात अंगठी पाण्यात पडते, मासा गिळतो, कोळ्याला सापडते आणि राजाला विसरलेलं माणूस आठवतं. इथे अंगठी नदीच्या तळाशी पडलेली असते, गळाला लागलेला मोठा मासा डेआगोल नावाच्या एकाला पाण्यात खेचतो, त्याला ती सापडते आणि जवळचाच मित्र (हाच पुढचा गॉलम) तिच्यासाठी त्याचा गळा दाबतो. तिथे अंगठी ओळख देते, इथे माणसालाच पुसून टाकते, आधी दिसेनासं करून आणि मग आतून. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघा, दोन्ही जास्त स्पष्ट दिसतात. अभ्यासक अंगठीचा माग लावताना प्लेटोने सांगितलेल्या गायजीसच्या, अदृश्य करणाऱ्या अंगठीपर्यंत आणि आइसलंडच्या व्होल्सुंग गाथेतल्या शापित अंगठीपर्यंत जातात, त्यांनी जावं.

बाकी घटक भराभर सांगतो. एल्फांच्या दोन भाषांपैकी एकीचा नाद फिनिशचा, दुसरीचा वेल्शचा. समुद्रात बुडालेलं नूमेनॉर बेट हे टोल्किनचं अटलांटिस. ‘कालेवाला’ म्हणजे एलियास ल्योनरोट या डॉक्टराने खेडोपाडी हिंडून लोकांच्या तोंडून गोळा केलेली गाणी, १८३५ साली छापलेली. आपल्याकडे जात्यावरच्या ओव्या गोळा करून त्यांचं महाकाव्य शिवावं, तसा प्रकार. टोल्किन विद्यार्थिदशेत त्याच्या इतके नादी लागले की फिनिश व्याकरण घेऊन बसले. त्यातल्या कुल्लेर्वो या अभागी पोराची गोष्ट पुढे तूरिनच्या गोष्टीत आली, पण ती या कादंबरीत नाही, तेव्हा सोडा.

आता सगळ्यात मोठा सांधा. यात शेवट येतो. तुम्हाला शेवट माहीत नसेल आणि नको असेल तर पुढचे दोन परिच्छेद गाळा.

नॉर्स पुराणांत शेवटी देव हरतात. त्यांना ते आधीपासून माहीत असतं, तरी ते लढायला उभे राहतात. हरणार म्हणून बाजू चुकीची ठरत नाही, हा त्या उत्तरेकडच्या लोकांचा करारीपणा. १९३६ साली ‘बेओवुल्फ’वर दिलेल्या व्याख्यानात टोल्किनने त्याचीच थोरवी सांगितली होती. पण टोल्किन स्वतः श्रद्धावान कॅथलिक. वडील लहानपणीच गेलेले, आई तो बारा वर्षांचा असताना गेली, आणि पुढे एका पाद्र्याने त्याला वाढवलं. त्या श्रद्धेत शेवट हार नसतो, शेवटी कृपा असते. ही दोन पुराणं एका भांड्यात शिजणं अवघड आहे. एकात आशा नाही म्हणून धैर्य मोठं, दुसऱ्यात आशा सोडणं हेच पाप. मग टोल्किन काय करतात? फ्रोडोला ज्वालामुखीच्या काठावर नेतात आणि तिथे त्याला हरवतात. तो अंगठी टाकत नाही. ती माझी आहे म्हणतो आणि बोटात घालतो. आजीच्या भाषेत, उतला, मातला, घेतला वसा टाकला. सगळं संपायला हवं होतं. पण मागे कधीतरी फ्रोडोच्या म्हाताऱ्या नातलगाने, बिल्बोने, त्या किळसवाण्या गॉलमला दया येऊन सोडलेलं असतं, मग फ्रोडोनेही सोडलेलं असतं. तो गॉलम येतो, अंगठीसकट बोट तोडतो आणि आनंदाने नाचता नाचता आगीत पडतो. हार नॉर्स आहे, सुटका ख्रिस्ती आहे, आणि दोन्ही एकाच प्रसंगात घडतात.

तो दिवस कादंबरीत २५ मार्चचा आहे. जुन्या ख्रिस्ती परंपरेत येशूच्या गर्भधारणेचा आणि क्रूसावरच्या मरणाचाही हाच दिवस मानत, आणि इंग्लंडमध्ये १७५२ पर्यंत कायदेशीर नवं वर्षही त्याच दिवशी सुरू व्हायचं. रिव्हेन्डेलहून प्रवास सुरू होतो २५ डिसेंबरला. पुस्तकात कुठेही चर्च नाही, प्रार्थना जवळपास नाही, आणि तारखांमध्ये मात्र ही खूण पुरून ठेवलेली. (फ्रोडो हरूनही सावरला जातो हे वाचल्यावर मी कहाणी पुन्हा वाचली. तिथेही वसा टाकणाऱ्या मुलीला दारिद्र्य येतं आणि शेवटी तिचंही सुफळ संपूर्ण होतं. आजी म्हणाली, मग, कहाणी कशासाठी असते?)

ही सरमिसळ तेव्हा निरुपद्रवी हौस नव्हती. १९३८ साली ‘हॉबिट’चं जर्मन भाषांतर काढू पाहणाऱ्या पॉट्सडॅमच्या प्रकाशकाने टोल्किनना विचारलं, तुम्ही आर्य वंशाचे ना? त्यांच्या उत्तराचा एक मसुदा उपलब्ध आहे. त्यात ते म्हणतात की आर्य म्हणजे भारत-इराणी असं मला ठाऊक आहे आणि माझ्या पूर्वजांपैकी कोणी हिंदुस्तानी किंवा फारसी बोलत नव्हतं. आणि मी ज्यू आहे का असं विचारायचं असेल, तर त्या गुणी लोकांपैकी कोणी माझे पूर्वज नाहीत याचा मला खेद वाटतो. ज्या नॉर्स कथांवर त्यांचा जीव होता त्याच कथा हिटलरच्या माणसांनी शुद्ध रक्ताचा डांगोरा पिटायला पळवल्या होत्या. याचा वैयक्तिक राग त्यांनी १९४१ मध्ये मुलाला लिहिलेल्या पत्रात बोलून दाखवलाय.

असं असूनही पुस्तक सगळीकडे सारखं उदार नाही, हे सांगायलाच हवं. शत्रूच्या सैन्यात पूर्वेचे आणि दक्षिणेचे सावळे लोक आहेत, त्यांच्याकडे प्रचंड हत्ती आहेत, आणि त्यांची स्वतःची बाजू सांगायला पानं जवळपास नाहीत. हत्ती शत्रूच्या बाजूने येताना बघून मला पहिल्या वेळी चमत्कारिक वाटलं होतं, कारण आपण कुठल्या बाजूला बसून हे वाचतोय तेच क्षणभर कळेना. बायकाही मोजक्याच. एक जागा मात्र आहे. फ्रोडोचा सोबती सॅम, त्याच्या पायाशी दक्षिणेकडचा एक सैनिक मरून पडतो, आणि सॅमला वाटतं, याचं नाव काय असेल, हा खरंच दुष्ट होता का, की घरी राहायला मिळालं असतं तर बरं असं त्यालाही वाटत होतं. टोल्किन १९१६ मध्ये पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईत होते. तो परिच्छेद मला तिथून आलेला वाटतो.

वाचायचं कसं, हेही तुम्ही विचारलंय. सुरुवातीची हॉबिटांवरची प्रस्तावना गाळा. तंबाखूचा इतिहास नंतर वाचला तरी चालतो. गाणी गाळू नका, पण कळायलाच हवीत असा हट्ट नको. नावं आणि गाणी मोठ्याने म्हणा. हॉबिटांच्या शायरची गावं, रोहानची माणसं आणि एल्फांच्या नद्या यांचे आवाज वेगवेगळे आहेत, आणि कोण कुठल्या कुळातलं हे कानाला डोक्याच्या आधी कळतं. नकाशावर बोट ठेवून वाचा. परिशिष्टं शेवटी, त्यातही अ‍ॅरागॉर्न आणि आर्वेनची गोष्ट आधी. ‘सिल्मरिलियन’ इतक्यात हातात घेऊ नका, ती देवादिकांची बखर आहे. चित्रपट पाहिले असतील तर उत्तम, चेहरे आयते मिळतात. फक्त टॉम बॉम्बाडिल नावाचा गाणारा माणूस अचानक उगवला तर पुस्तक चुकीचं छापलंय असं समजू नका. इंग्रजी जड जात असेल तर मुग्धा कर्णिक यांचा ‘स्वामी मुद्रिकांचा’ हा मराठी अनुवाद आहे. मी दोन्ही शेजारी ठेवून काही प्रकरणं वाचली, आणि पुस्तकाच्या नावातच अंगठीची मुद्रिका झाली की गोष्ट किती सहज आपल्या ओसरीवर येऊन बसते ते पाहिलं.

तिसऱ्या खेपेला सभा ओलांडलीत की मोरियाच्या दारापर्यंत थांबू नका. डोंगरात बंद दार आहे, त्यावर एक ओळ कोरलेली आहे, आणि सगळ्या भाषांतले सगळे मंत्र पाठ असलेला गँडाल्फ तिच्यापुढे हताश होऊन बसतो. उत्तर अगदी साधा एक शब्द आहे. तुम्हाला त्याच्याआधी सुचला तर इथे येऊन सांगा.